डब्यातली खिरापत अन् पाटीवरचं नाव

बालवाडीच्या भिंतीवर पहिला तक्ता लागला, तेव्हा त्याच्यात 'अ'च्या शेजारी एक फळ काढलेलं होतं. अंगभर डोळे डोळे अन् डोक्यावर पानाचा तुरा. मी त्याच्यावर काडी ठेवली अन् म्हटलं, "सांगा रे, अ कशाचा?"

सारे पोट्टे एका दमात ओरडले, "अ सीताफळाचा!"

"सीताफळ नाई रे बाप्पा. अननस. अ अननसाचा."

"बाई, अननस म्हणजे काय?"

आता मले तरी काय माहीत! मी कधी अननस पाह्यलं नव्हतं. ना अचलपूरच्या बाजारात, ना माहेरी जातांना अकोल्याच्या यष्टी स्टँडवर. पण बाईनं अडून चालते का? म्हटलं, "फळ असते एक. गोड असते." अंदाजानं ठोकून दिलं. पोट्ट्याईनं मान हलवली अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा ओरडले, "अ सीताफळाचा!"

मी चौथी शिकलेली. माहेर अकोल्याकडचं, खाऱ्या पाण्याचं. तिथं चुलीतली राख जमिनीवर पसरून आमचे मास्तर बोटानं अक्षर काढायले लावत. एकच अक्षर, सकाळपासून दुपारलोक. बोटाची साल जाये. पण आलं ते अक्षर मेल्याशिवाय जाणार नाई, असं आलं. लग्न होऊन अचलपूरच्या अलीकडे, फाट्यावरून आत असलेल्या या गावात आली. दोन लेकरं झाली, अन् घरधनी तापात गेले. मी वावरात जाऊ लागली. मंग गावात बालवाडी निघाली. सरपंच घरी आले अन् सासऱ्याले म्हणाले, "सातवी झालेली बाई पाहिजे, पण ती काही गावात नाई. तुमची सून चौथी आहे. चालवून घेऊ." असं मले चालवून घेतलं, ते मी म्हातारी होईपर्यंत.

सुरुवातीले माही एकच समजूत. गिरवल्याशिवाय वाचणं नाई. मास्तरनं माही साल काढली, मी लेकराईची काढायची. राखेच्या जागी पाटी आली, एवढाच फरक. 'अ' काढून द्यायचा अन् म्हणायचं, गिरव. पोट्टे गिरवत, गिरवत, अन् गिरवता गिरवता झोपत. एक पोरगा पाटीवर डोकं ठेवून असा झोपला की उठला तेव्हा कपाळावर 'अ' उमटलेला. त्याची आजी न्यायले आली, म्हणे, "बाई, डोक्यात नाई गेलं तरी डोक्यावर तं आलं." मी हसली. पण घरी जाऊन इचार केला, का हे असंच पाटीवर लेकरं झोपवायचं काम आहे का.

मंग मी चाल लावली. साऱ्या अक्षराईले चाल, बाराखडीले चाल. हात वर, हात खाली, टाळी. काय जोर चढला सांगू! गावात आवाज जाये. पाणी भरायले चाललेल्या बाया उभ्या राहून ऐकत. सरपंच कोणी पाहुणा आला का त्याले मुद्दाम बालवाडीवरून आणत. मले वाटलं, झालं, सापडलं आपल्याले. वाचणं म्हणजे गाणं, बाकी काई नाई.

तालुक्याले ट्रेनिंग होतं. तिथल्या शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "लहान लेकराईले अक्षर शिकवूच नका. खेळू द्या. वस्तू दाखवा. नाव दाखवा." आमी साऱ्या बाया मांगच्या सतरंजीवर बसून हसलो. माह्या बाजूची म्हणे, "वस्तू दाखवा म्हणते. आमच्या गावात वस्तू म्हणजे एक हापशी अन् एक म्हैस." जेवण मात्र चांगलं होतं त्या ट्रेनिंगले.

या साऱ्या समजुती मोडल्या त्या एका पोरीनं.

ती भाजीवालीची पोरगी. तिची माय गावातल्या विहिरीवर थोड्या बरबटीच्या शेंगा, सांभार म्हणजे कोथिंबीर, मेथी लावे अन् आठवडी बाजारात विकायले बसे. बाप कोरडवाहू वावरातली कापसाची पऱ्हाटी पाहे. पोरगी बालवाडीत होती तेव्हा तिच्यासारखी म्हणणारी कोनी नाई. सगळी बाराखडी, एकही चूक नाई, वरून टाळी. मी तिच्या मायले छाती फुगवून सांगतलं, "तुही पोरगी वाचते वं." ती पहिलीत गेली. तिथंही पुस्तकाचं पान उघडलं का धडधड म्हणे. मास्तर खूश. दुसरीत नवं पुस्तक आलं, नवे मास्तर आले. त्याईनं पान उघडून दिलं, तं पोरगी चुप. चित्राकडे पाहे, मास्तरकडे पाहे, पण तोंडातून शब्द नाई. ते माणूस भले होते. मारलं नाई, ओरडले नाई. संध्याकाळी माह्याकडे आले अन् ओसरीवर बसून म्हणाले, "बाई, या पोरीले वाचता येत नाई. एकदा ऐकलं का पाठ होते तिचं. आतापर्यंत पाठच म्हणून राहिली होती ती."

मी पोरीले बोलावलं. पाटीवर 'म' काढला. म्हटलं, "हे काय?"

तिनं डोळे मिटले अन् 'क'पासून चाल धरली. टाळीसकट. पूर्ण गाडी फिरवत 'म'वर आली, तेव्हा डोळे उघडले अन् म्हणाली, "म!"

म्हणजे अचलपूरले जायचं असंल तं पहिले मुंबईले जाऊन यायचं, असं ते वाचणं होतं.

ते दिवस कापसाचे वाईट दिवस होते. पेपरात रोज आमच्या वऱ्हाडाचं नाव ये. शहरातून गाड्या येत, लोक उतरून फोटो काढत, चहा पीत अन् जात. आमी आपले सकाळी उठून भांडे घासत होतो, त्याचा फोटो कोनी काढला नाई. पाऊस नको तेव्हा ये, बोंडाले अळी लागे. मजूर लावणं कोणाच्यानं होत नव्हतं. ज्याचं वावर, त्याच्याच घरच्याईनं वेचायचं. म्हणून दिवाळीच्या आसपास वेचा लागला का शाळेतले बाक रिकामे होत. काही लेकरं वेचा संपल्यावर येत. काही येतच नसत, पोरी तं नाईच.

भाजीवाली एक दिवस मले हापशीवर भेटली. गुंड भरता भरता म्हणाली, "बाई, मास्तर म्हणते पोरगी वाचत नाई. मंग तिथं बसून काय करते? यंदा सीतादही झालं का मी तिले वेच्याले नेतो. अन् मंग घरीच ठेवतो. लहान्याले पाह्यले कोनी नाई."

सीतादही म्हणजे कापसाच्या पहिल्या वेच्याची पूजा. वावरात दहीभात ठेवायचा अन् वेचणं सुरू करायचं. त्याले फार दिवस राहिले नव्हते.

मी म्हटलं, "वाचली तं राहू देशीन?"

"पहिले वाचू तं द्या. तुमी मागंही म्हणल्या होत्या, वाचते म्हणून."

खरंच बोलली ती. मी हांडा उचलला अन् घरी आली.

भादव्याची पुनव झाली अन् भुलाबाई बसली. आमच्याकडे पोरी मातीची भुलाबाई अन् भुलोजी बसवतात, कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी घरोघरी जाऊन गाणी म्हणतात. गाणी झाली का त्या घरची खिरापत. पण खिरापत अशी फुकट मिळत नाई. घरची बाई डबा झाकून आणते, आत काय आहे ते पोरीईनं ओळखायचं. ओळखलं तं खायचं, नाई ओळखलं तं हरलो म्हणायचं अन् मंग खायचं. खायले दोन्हीकडून भेटते, पण हरून खाण्यात मजा नाई.

त्या खेळात या पोरीले तोड नव्हती. बाई डबा हलवे अन् ही कान लावे. "मुरमुरे." बरोबर. "फुटाणे." बरोबर. एकदा माह्या शेजारणीनं डबा हलवला, तं ही म्हणाली, "शेंगदाणे. सालीचे." शेजारीण म्हणाली, "कार्टे, साल कशी ऐकू आली वं तुले?" साऱ्या पोरी हिच्या मांगं मांगं राहत. हिचा कान म्हणजे गावाची खिरापत.

तिथं माह्या डोक्यात आलं. माह्या घरची पाळी आली तेव्हा मी डबा फडक्यात गच्च बांधला अन् भुलाबाईजवळ पाटी ठेवली. पाटीवर खिरापतीचं नाव लिहून ठेवलं. म्हटलं, "यंदा बाईच्या घरी डबा वाजत नाई. नाव लिहिलेलं आहे. ज्याले पाहिजे त्यानं वाचावं."

ती पाटीकडे गेलीच नाई. डब्याजवळ वाकली अन् वास घेतला. "तूप. वेलची. शिरा!"

शिराच होता. नाकही तेवढंच तेज निघालं.

मंग मी साऱ्या ओळखीच्या बायाईले सांगतलं, का डबा फडक्यात बांधा, वासाचं काही ठेवू नका, अन् पाटी माह्याकडून लिहून न्या. बायाईले गंमतच. एकजण म्हणे, "बाई, तुमी भुलाबाईले शाळेत घालता काय?" दुसऱ्या घरी गूळ होता, कागदात बांधून डब्यात. पोरगी कान लावे, नाक लावे, काही नाई. दुसऱ्या पोरी पाटीवर वाकल्या. एकीनं हळूच वाचलं अन् ओरडली, "गूळ!" अन् साऱ्या जिंकल्या. आमची पोरगी लाल झाली. मले म्हणाली, "बाई, तुमी खोटं खेळता."

"खोटं कसं? नाव तं समोर लिहिलं होतं."

"मले नाई दिसलं."

"डोळे उघडे ठेवून पाह्य, दिसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बालवाडीच्या दारात उभी. लहाना भाऊ कमरेवर. "बाई, आज कोणाच्या घरी भुलाबाई आहे? काय ठेवलं?"

"पाटीवर आहे."

"ती पाटी मले आता दाखवा नं."

"दाखवतो. पण सांगणार नाई."

बसली. अक्षर पाहे, डोळे मिटे, 'क'पासून चाल धरे. 'च' यायले वेळ लागे, 'श' यायले तं लहाना भाऊ झोपून जाये. संध्याकाळी हिची गाडी 'प'पर्यंत पोचली तोवर बाकीच्या पोरी पेरू खाऊन हात धुऊन मोकळ्या. मले वाटलं, मीच लावली ही चाल, आता हिच्या पायात मीच बेडी घातल्यासारखं झालं. पण पोरीनंच ती सोडली. भूक लागली का माणूस लांबचा रस्ता घेत नाई. आठवडाभरात 'च' पाह्यला का ओठ एकदम 'च'चे होऊ लागले. डोळे उघडेच.

मंग तिनं दुसरी युक्ती काढली. पहिलं अक्षर पाहे अन् पटकन डब्याले धक्का मारे. फडक्यातूनही थोडं वाजेच. 'च' अन् खुळखुळ, म्हणजे चिवडा. 'म' अन् सळसळ, म्हणजे मुरमुरे. मले वाटलं, ही लबाडी आहे, हे काही वाचणं नाई. मी तिले म्हणणार होती. तेवढ्यात दुपारी फाट्यावर यष्टीची वाट पाहत उभी होती. धुळीतून गाडी आली. पाटीवरचं 'अच' दिसलं अन् मी पिशवी उचलली, अचलपूर. पूर्ण नाव मी कुठं वाचलं? इतकी वर्षं मी असंच वाचत आली अन् लेकराईले मात्र एकेक अक्षर घासायले लावत आली. गाडीत बसून मी एकटीच हसत होती. बाजूचा माणूस सरकून बसला.

तरी एक दिवस ती फसली. पाटीवर 'शे' दिसला अन् डबा हलवून ओरडली, "शेंगदाणे!" डब्यात होती शेव. साऱ्या पोरी हरल्या. अन् पोरीच त्या, सोडतात का? "काय वं, शेवेले साल असते काय?" घरी जाईपर्यंत तिले बोलत गेल्या. त्या दिवसापासून ती शब्दाच्या शेवटापर्यंत जाऊ लागली. हळूहळू, बोट ठेवून, पण शेवटापर्यंत. मी काही शिकवलं नाई. शेवेनं शिकवलं.

कोजागिरी जवळ आली. मी तिच्या मायले सांगतलं, "पोरगी वाचून राहिली वं."

ती मेथीच्या जुड्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमीच पाटी लिहिता, तुमीच तिले सकाळी बसवता. सांगून देत असान."

"मी कावून सांगन?"

"तुमाले माया आहे तिची, म्हणून. मले नाई वाचता येत बाई, मले कोनीही फसवू शकते. कोजागिरीले भुलाबाई माह्या घरी आहे. खिरापत मी ठेवीन. अन् पाटी तुमी लिहायची नाई."

म्हटलं, "नाई लिहीत."

पण मले माहीत होतं, पोरगी माहं अक्षर ओळखते. गोल, मोठं, राखेत शिकलेलं. दुसऱ्याच्या हातचं वाचते का नाई, ते मलेही माहीत नव्हतं. अन् सीतादही तं कोजागिरीच्या लगेच नंतरच.

आठवडी बाजारात भाजीवालीच्या बाजूले अचलपूरचे एक चाचा फळाची गाडी लावत. मराठी शाळेत शिकलेले, घरी उर्दू बोलत, बाजारात वऱ्हाडी. भाजीवालीनं त्याईले सांगतलं, "चाचा, असं काही द्या, जे माह्या पोरीनं कधी पाह्यलं नाई, खाल्लं नाई, ज्याचा वास घेतला नाई. अन् त्याचं नाव या पाटीवर लिहून द्या." हे तिनं मले नंतर सांगतलं. चाचा म्हणे हसले, अन् गाडीखालच्या पेटीतून अमरावतीहून आणलेलं, एका बाजूनं दबलेलं फळ काढलं. "ये ले जा बेटी. तेरे गाव में तो किसीने नहीं चखा होगा." कापून, साल काढून दिलं.

कोजागिरीच्या संध्याकाळी ज्वारीच्या धांड्यांचा मांडव घातला होता, त्याच्यात भुलाबाई बसलेली. साऱ्या घराईतून खिरापती आल्या होत्या. पोरीईनं गाणी म्हटली, एक एक डबा ओळखला. शेवटी भाजीवालीनं आपला डबा मधात ठेवला अन् पाटी भिंतीले टेकवली. चाचाचं अक्षर होतं. उभं, बारीक, शेवटाले ओढलेलं. मले वाचायलेच दोन घडी लागल्या. अन् वाचलं तशी मी पदर तोंडावर घेतला.

पोरीनं सवयीनं डबा हलवला. आत एक थप्प झालं, बाकी काही नाई. वास घेतला. पुन्हा घेतला. "आंबट आहे. गोड आहे. संत्रं नाई. पेरू नाई." अन् मांगं सरली.

माय म्हणाली, "हरली काय?"

"थांब नं!"

पाटीजवळ जाऊन उकिडवी बसली. पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. मंग दुसऱ्यावर. दुसऱ्या पोरी वाकायले गेल्या, तं मायनं हात आडवा लावला, "तुमी नाई. ही." पोरीचे ओठ हलत होते, चाल नव्हती. शेवटच्या अक्षरावर बोट गेलं, पुन्हा पहिल्यावर आलं. मंग तिनं माह्याकडे पाह्यलं अन् एकदम वैतागून म्हणाली,

"बाई, हे चुकीचं लिहिलं कोनी तरी."

मी इचारलं, "काय लिहिलं?"

"अननस लिहिलं. अननस तं तक्त्यात असते! डब्यात कसं येईल?"

मायनं फडकं सोडलं, डबा उघडला. पिवळ्या फोडी. ती डब्याकडे पाहे, पाटीकडे पाहे, पोरीकडे पाहे. मंग मले म्हणाली, "चाचाबी हेच नाव बोलले होते."

पोरीईनं एक एक फोड घेतली. एकीनं तोंड वाकडं केलं, "जीभ चावते वं! याच्यापेक्षा पेरू बरा." मीही त्या दिवशी पहिल्यांदा खाल्लं. गोड असते म्हणून मी इतकी वर्षं सांगत आली होती, ते अर्धं बरोबर निघालं.

माय रिकामा डबा घेऊन आत गेली. मले वाटलं, आता इचारावं, पण इचारलं नाई. सीतादहीच्या सकाळी मी बालवाडी झाडत होती, तं ती दहीभाताचा डबा घेऊन रस्त्यानं चालली होती. लहाना कमरेवर. पोरगी संगं नव्हती. मले पाहून थांबली नाई, चालता चालताच बोलली, "रविवारी येईल ती वेच्याले. रविवारी शाळा नसते."

म्हटलं, "नसते."

ट्रेनिंगच्या त्या मॅडमची मले तेव्हा आठवण झाली. वस्तू दाखवा, नाव दाखवा म्हणत होत्या. आमी हसलो होतो. त्याईनं एवढं मात्र सांगतलं नव्हतं, का वस्तू फडक्यात बांधून ठेवा.

त्या दिवसापासून बालवाडीत मी गिरवणं पार सोडलं नाई, चालही सोडली नाई, पोट्ट्याईले आवडते ती. पण रोज एक डबा बांधून ठेवो अन् बाजूले पाटी. कधी चिंचोके, कधी बोर, कधी नुसता खडा. खड्याले पोट्टे लय हसत.

ती पोरगी शाळेत जातांना बालवाडीवरून जाये. एक दिवस आत पोट्टे तक्त्यासमोर बसून ओरडत होते, "अ सीताफळाचा!" ती दफ्तर घेऊन दारातूनच आत आली, तक्त्यावर बोट ठेवलं अन् त्याईले दमात घेतलं, "ए, सीताफळ नाई ते. खाल्लं तं जीभ चावते, ते अननस."

पोट्ट्याईनं माह्याकडे पाह्यलं. मी म्हटलं, "ती सांगते तसं. तिनं वाचून खाल्लं आहे."